मांडव नको, माणूस घडव

चि.स अनेक आशीर्वाद.

आबांच्या वर्षश्राद्धाला शाहूवाडीत नेत्रशिबिर घ्यायचं म्हणतोस. हेतू चांगलाच आहे. पण मांडव घालू नकोस, आणि फ्लेक्स तर नकोच.

उमेदीत मीही शिबिरं गाजवली. मोतीबिंदू काढले, फोटो निघाले. महिन्याभराने एका आजींकडे गेलो तर थेंबांची बाटली देव्हाऱ्यात, हळदकुंकू लावलेली. "डाक्टरनी दिलीया, जपून ठिवलीया," म्हणाल्या. बाटली मी दिली होती. रोज डोळ्यात थेंब घालायला सांगणारं माणूस मात्र मागे ठेवलं नव्हतं.

ते माणूस घडवायला पैसे दे.

मदुराईत डॉ. वेंकटस्वामींनी निवृत्तीनंतर, 1976 साली, 11 खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. पुढे तिथे खेड्यातल्या मुलींना दोन वर्षं शिकवून तयार करायची रीत पडली. नंबर काढणं, डोळ्याचा दाब मोजणं, रुग्णाला समजावणं त्या करतात, म्हणून सर्जनचा हात शस्त्रक्रियेला मोकळा राहतो. ऑर्बिस या संस्थेचं विमानातलं नेत्र रुग्णालय 1982 पासून देशोदेशी फिरतंय, तेही मुख्यतः तिथल्या डॉक्टरांना शिकवायला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अहवालाप्रमाणे जगात किमान 220 कोटी लोकांची नजर अधू आहे, आणि त्यातल्या किमान 100 कोटींचा त्रास टाळता आला असता किंवा त्यावर अजून उपचारच झालेले नाहीत. एवढ्यांना शिबिरं कुठवर पुरणार?

आपल्याकडचंच बघ. ऊसतोडीत पातं डोळ्याला लागतं. गडी मेडिकलमधून लाली घालवणारे थेंब आणतो. त्यात स्टेरॉइड असलं (ते लाली दाबतं, पण बुरशीला मोकळं रान देतं) आणि जखमेत बुरशी शिरलेली असली, तर बुबुळ पांढरं पडतं. "हे थेंब बंद करा आणि आजच दवाखान्यात जा," एवढं सांगणारी शिकलेली पोरगी गावात असती, तर कितीतरी डोळे वाचले असते.

तेव्हा शाहूवाडीतली बारावी झालेली एक मुलगी निवड. डोळे तपासायच्या शिक्षणाची तिची फी, राहणं-जेवण आणि नंतर एक ट्रायल सेट, म्हणजे नंबर काढायच्या भिंगांची पेटी, एवढं तू बघ. त्याआधी एखाद्या रुग्णालयाकडून तिला तालुक्यातच नोकरी देण्याचं लेखी घे. नाहीतर शिकून ती पुण्यात चष्म्याच्या दुकानात उभी राहील, आणि त्यात तिची चूक नसेल.

घरच्यांना हे पटणं अवघड जाईल. पंगत दिसते, फी दिसत नाही. काकींशी मी बोलतो. रविवारी सकाळी रंकाळ्यावर ये, मुलीच्या वडिलांना काय विचारायचं ते ठरवू.