पोरगा गांजा सोडायला तयार नाही, मग काय करायचं?

"म्याडम, घरात कोंडून ठेवलं तं सुटन का त्याचं?" आयाबाया मला हे फार विचारतात. दिग्रसकडच्या एका माउलीनेही हेच विचारलं. पोरगा १९ वर्षांचा, रोज संध्याकाळी मित्रांसोबत चिलीम. बापाने मारून पाहिलं, मामाने पोलिसात देण्याची धमकी दिली. पोराने घरी बोलणंच टाकलं होतं. मी म्हटलं, ताई, कोंडू नका. त्याला एकट्याला माझ्याशी बोलू द्या.

आल्याआल्या तो म्हणाला, "मी काही सोडत नाई, आधीच सांगतो." बरं, म्हटलं, आज सोडू नको; नुकसान कुठे कमी होतं ते तर पाहू. मग तो बोलू लागला. दम मारून रात्री मोटारसायकलने गावाकडे यायचा. माझ्या मते त्या घडीला सर्वांत मोठा धोका हाच होता. ठरलं, घेतली तर गाडीला हात लावायचा नाही, मित्राकडेच झोपायचं. गांजात तंबाखू मिसळायचा नाही, नाहीतर तंबाखूचंही व्यसन जडतं. वरून दारू नाही. धूर छातीत दाबून धरल्याने नशा फारशी वाढत नाही, फुप्फुसांना मात्र जास्त इजा होते, हे त्याला नवीनच होतं.

मग घरच्यांच्या आजारपणाचं विचारलं. हा प्रश्न कुणीच विचारत नाही, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्याच्या काकांना कानात आवाज ऐकू यायचे, नागपूरला मनोरुग्णालयात ठेवावं लागलं होतं. "पोट्टे मलेच पाहून हासतात," असं अलीकडे यालाही वाटत होतं. घरात असा आजार असला तर गांजाने तो उफाळण्याचा धोका बराच वाढतो. त्यातून मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालूच असते. त्याला स्पष्ट सांगितलं, तुझ्यासाठी थोडासुद्धा गांजा सुरक्षित नाही. त्याच आठवड्यात यवतमाळला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

मामांना कायदा समजावला. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा ओढणं गुन्हा आहे, पण त्यातच कलम ६४-अ आहे: गांजा ओढल्याचा किंवा थोडा जवळ बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार पूर्ण केले, तर खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. पोलिसाच्या भीतीने पोरं दवाखान्यातही येत नाहीत, याचा मला फार त्रास होतो.

बापाला सांगितलं, सोडल्यावर पहिला आठवडा तो चिडेल, झोपणार नाही, जेवणार नाही. त्याने जिवाला धोका नसतो, बहुतेकांचं दोनेक आठवड्यांत ओसरतं. तेवढे दिवस हात उचलू नका. बापाने ते पाळलं. मधे एकदा पोरगा घसरला, पण ते त्याने स्वतः घरी येऊन सांगितलं. उपचार चालू आहेत.

तुमचा पोरगा आवाज येतात म्हणत असेल, उगाच संशय घेत असेल, तर थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.