ज्यूस राहू दे, फळ खा

अनेक आशीर्वाद.

मेसेज वाचला तुझा. रत्नागिरीत रूम घेतल्यापासून सकाळी नाश्त्याच्या जागी खोक्यातला मँगो ज्यूस, आणि वर मलाच विचारतोस काका हे हेल्दी ना! अरे त्या खोक्याच्या पाठी साखर किती ग्रॅम लिहिलीय ते तरी वाच. घरी काढून गाळलेला ज्यूसही फार वेगळा नाही, गाळला की चोथा गेला, आणि फळातला खरा माल त्या चोथ्यातच असतो, त्याच्यामुळे साखर रक्तात हळूहळू जाते, पोट भरलेलं राहतं आणि सकाळी साफही होतं. चार संत्री सोलून एका बैठकीत खाववत नाहीत पण त्यांचा ज्यूस दोन मिनिटांत संपतो, हिशोब तू कर.

जागतिक आरोग्य संघटना फळं आणि भाज्या मिळून दिवसाला निदान 400 ग्रॅम खा म्हणते, बटाटा त्यात धरत नाहीत हां. आता त्यासाठी किवी आणू नकोस, उगाच पैसे जातात. पेरू घे. 100 ग्रॅम पेरूत 200 मिलिग्रॅमच्या वर सी व्हिटॅमिन असतं, संत्र्यात पन्नासच्या आसपास. आणि तो जेवणासोबतच खा, नाचणीच्या भाकरीतलं, पालेभाजीतलं लोह अंगी लागायला हेच सी मदत करतं. पेरू नसेल तेव्हा केळं, पपई, जे बाजारात स्वस्त दिसेल ते.

आणि काजूची बोंडं! आपल्याकडे बी पिळून काढायची आणि बोंड झाडाखाली कुजायला टाकायचं ही काय पद्धत मला कधी कळली नाही, सी त्यातही भरपूर. घशाला लागतं खरं, पण फोडी करून मीठ लावून ठेवल्या की बरंच कमी होतं. मुंबईवाल्यांना ती मिळतच नाहीत, दिवसभरात नासतात ना, तुला तर दारात आहेत.

कोकम सरबताचं पण सांगतो. अमृत कोकम म्हणजे सालांवर साखर घालून काढलेला पाक, तो फळाच्या खात्यात मांडू नकोस, उन्हातून आलास तर मिठातलं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, पाण्यात घालून पी. अर्थात त्यातही मीठ असतं, बेतानेच.

हापूस खा की, कोण नाही म्हणतंय, पण आढीत पिकवलेला बघून घे, कार्बाइडवर पिकवायला बंदी आहे तरी सावध राहिलेलं बरं. रस-पुरीच्या वाट्यावर वाट्या ओढण्यापेक्षा फोडी करून खा, आपोआप कमी जातो.

बाबांना शुगर आहे, त्यांनी एका वेळी किती आंबा खायचा ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. आणि कोणीतरी त्यांना जांभळाच्या बियांची पावडर दिलीय असं वहिनी म्हणाली, ती घेतायत म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे त्यांना तूच सांग, माझं ऐकत नाहीत ते.

तुझा काका