वाचकांचे प्रश्न : पोलादी चिलखतात गुडघा वाकतो कसा?

प्रश्न : इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या एका चिलखताचा फोटो पाहिला. टाळूपासून टाचेपर्यंत कुठे फट म्हणून नाही, वजन म्हणे 40 किलोंच्या वर. यात माणूस गुडघा तरी कसा वाकवणार? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ते 1520 सालचं, ग्रीनिचच्या राजेशाही कारखान्यातलं. तुकडे 235, वजन साधारण साडेबेचाळीस किलो. ते पायी द्वंद्वासाठी घडवलं होतं. स्वाराच्या चिलखतात बूड आणि मांडीची आतली बाजू उघडी ठेवावीच लागते, नाहीतर खोगिरावर बसणार कसं? इथे घोडाच नाही, म्हणून बूड, काखा, गुडघ्याची लवण, सगळं पत्र्याने झाकून टाकलं.

लवणीत आणि कोपराच्या आत अरुंद, बाकदार पट्ट्या एकीवर एक चढवलेल्या असतात. अशा पट्ट्या काही ठिकाणी आतून चामड्यावर जोडतात, काही ठिकाणी सरकत्या रिव्हेटने, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या बोथट खिळ्याने. रिव्हेट वरच्या पट्टीत पक्का बसतो आणि खालच्या पट्टीतल्या लांबट खाचेत सरकतो. खाच वरच्या पट्टीआड झाकलेली राहते. रिव्हेट जास्त ठोकला की सांधा अडकतो. सैल राहिला की फट पडते आणि तलवारीचं टोक नेमकं तिथेच शिरतं. चामडं सगळ्यात आधी कुजतं, म्हणून संग्रहालयांत ते बहुधा नंतर बदललेलं दिसतं.

वजन अंगभर वाटलं जातं. लढाईचं चिलखत तर 20 ते 25 किलोंचंच असे. खरा त्रास उकाड्याचा आणि शिरस्त्राणात कोंडणाऱ्या श्वासाचा. शिवाय माप एकाच देहाचं: राजाचं पोट सुटलं की नवं चिलखत आलंच.

गंमत म्हणजे हे वापरलंच गेलं नाही. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅलेजवळ हेन्री आणि फ्रान्सचा राजा भेटणार होते, तिथल्या द्वंद्वांसाठी ते होतं. पण भेटीआधी काही महिने फ्रेंचांनी द्वंद्वाचे नियम बदलले आणि कंबरेखाली पोलादी घेर हवा म्हणाले. काम अर्धवट राहिलं, त्यामुळे त्यावर नक्षी नाही.

प्रश्न : छातीच्या पत्र्यावरचा गोळीचा खड्डा लढाईतलाच का?

उत्तर : बहुतेकदा नाही. कारागीर स्वतः गोळी झाडून पत्रा पारखत आणि खूण मुद्दाम ठेवत. नक्षी खड्ड्याला वळसा घालून गेली असेल, तर खड्डा आधीचा, म्हणजे पारखीचाच. खड्ड्याभोवती तडे असतील तर पत्रा नापास समजावा. सतराव्या शतकात पुढचा पत्रा कधी 5 मिमीच्याही वर जाई. पाठीचा बराच पातळ ठेवत, कारण दोन्ही तितकेच जाड केले तर ते वजन दिवसभर कोण वागवणार?