स्पॅनिशमधलं ‘आय’, ‘आबीआ’ आणि ‘ऊबो’

प्रश्न : ‘सराफ्यात (आमच्या इंदूरच्या खाऊबाजारात) खूप ठेले होते’ हे मी स्पॅनिशमध्ये ‘एन साराफा आबीआन मूचोस पुएस्तोस’ असं लिहिलं, तर शिक्षिकेने ‘आबीआन’वर काट मारली. ठेले अनेक असताना क्रियापद एकवचनी का? आणि ‘आहे’साठी ‘आय’ कुठे वापरायचं, ‘एस्ता’ कुठे, हेही कळत नाही. — एक वाचक, इंदूर

उत्तर : काट योग्यच आहे. इथे एकवचनी ‘आबीआ’च हवं. आपल्या ‘आहे-आहेत’च्या सवयीमुळे ही चूक होते. मराठीत ठेले हा कर्ता आहे, स्पॅनिशमध्ये मात्र ‘पुएस्तोस’ व्याकरणाने कर्म ठरतं. ‘ठेले आहेत का?’ याला ‘सी, लोस आय’ (हो, आहेत) असं उत्तर देतात आणि त्यातलं ‘लोस’ हे कर्माचं सर्वनाम आहे. कर्ताच नाही, म्हणून क्रियापद एकवचनात गोठतं. लॅटिन अमेरिकेत बोलताना ‘आबीआन’ पुष्कळ ऐकू येतं, पण परीक्षेत लिहू नका.

‘आय’ आणि ‘एस्ता’ यांतला फरक मराठीच्या शब्दक्रमात सापडतो. ‘टेबलावर पुस्तक आहे’ म्हणजे ‘एन ला मेसा आय उन लीब्रो’. ‘पुस्तक टेबलावर आहे’ म्हणजे ‘एल लीब्रो एस्ता एन ला मेसा’. जागा आधी आली तर बहुधा ‘आय’, वस्तू आधी आली तर ‘एस्ता’. खात्री नामाआधीच्या शब्दावरून करा. ‘उन’ (एक), ‘दोस’ (दोन), ‘मूचोस’ (पुष्कळ) असेल किंवा काहीच नसेल तर ‘आय’. ‘एल’, ‘ला’ (ठरावीक वस्तू दाखवणारी उपपदं), ‘मी’ (स्पॅनिशमध्ये ‘माझा’) किंवा विशेषनाम असेल तर ‘एस्ता’. म्हणून ठेल्यावर विचारायचं ‘आय गराडू?’ (गराडू म्हणजे तळलेला कंद), पण राजवाडा कुठे आहे हे विचारताना ‘दोंदे एस्ता एल राजवाडा?’

भूतकाळात खरी अडचण येते. जिथे आपण ‘होता’ म्हणतो तिथे बहुधा ‘आबीआ’, जिथे ‘झाला’ म्हणतो तिथे ‘ऊबो’. ‘आबीआ मूचा हेंते ई दे रेपेंते ऊबो उन आपागोन’, म्हणजे खूप गर्दी होती आणि अचानक लाईट गेली. गर्दी ही पार्श्वभूमी, लाईट जाणं ही घटना. अनेक भांडणं झाली तरी ‘ऊबो’च, ‘ऊबिएरोन’ नाही.

‘काल मीटिंग होती’ हे वाक्य मात्र फसवतं. मीटिंग झाली असेल तर ‘आयेर ऊबो रेउनिओन’. ‘आयेर आबीआ रेउनिओन’ म्हटलं, तर ती ठरलेली होती एवढंच कळतं. झाली की रद्द झाली, ते ऐकणाऱ्याला पुन्हा विचारावं लागतं.