दिवसभर डायट आणि रात्री फरसाणाचा डबा: वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न: ताई नमस्कार, मी कोपरखैरण्याला राहते, जॉब ठाण्यात वागळे इस्टेटला. वय ३८, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७१ किलो. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन वाढलं ते खाली आलंच नाही. आता मनापासून डायट करतेय, सकाळी बिनदुधाची कॉफी, अकराला एक सफरचंद, दुपारी दोन खाकरे आणि काकडी-टोमॅटो, संध्याकाळी काहीच नाही. पण आठला घरी पोचले की काय होतं कळत नाही, पर्स ठेवायच्या आधी फरसाणाचा डबा हातात असतो, पोळ्या लाटता लाटता एक गरम पोळी उभ्याउभ्याच जाते, मग जेवायला बसल्यावर चार पोळ्या, भात, मुलांच्या ताटातलं उरलेलं, आणि अकरा वाजता परत बिस्किटं. पोटाला तडस लागेपर्यंत खाते आणि मग स्वतःचीच लाज वाटते. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून अजून कमी खाते. नवरा म्हणतो तुझा मनावर ताबा नाही. पोर्शन कंट्रोल कसं करायचं सांगाल का? नाव छापू नका.

उत्तर: ताई, सगळ्यात आधी ती ताब्याची गोष्ट बाजूला ठेवूया. तुम्ही सकाळपासून रात्री आठपर्यंत जे खाता ना, ते सगळं मिळून साधारण तीनशे कॅलरी होतात. एवढ्यावर तुम्ही घरचं आवरता, लोकल पकडता, ऑफिसात आठ-नऊ तास डोकं चालवता, परत गर्दीत उभं राहून येता. आठ वाजता तुमच्या शरीराला जेवण नकोय, त्याला दिवसभराची थकबाकी हवीये आणि ती ते पटकन मिळेल त्या तेलकट-पिठूळ गोष्टीतूनच मागणार. तुमच्या जागी कोणीही असतं, तुमचे मिस्टर असते तरी, हेच झालं असतं.

यावर एक खूप जुना प्रयोग आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने जवळपास अर्ध्या आहारावर ठेवलं. ही चांगली ठणठणीत, स्वतःहून तयार झालेली मुलं होती, पण थोड्याच दिवसांत त्यांच्या डोक्यात खाण्याशिवाय दुसरा विषय उरला नाही, काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, आणि प्रयोग संपल्यावर पोट भरलं तरी समाधान होईना म्हणून खातच राहायचे. तुमचा रोजचा दिवस म्हणजे त्याचंच छोटं रूप आहे, सकाळी उपासमार आणि रात्री त्याची वसुली. म्हणून तुम्ही रात्रीचं कमी कसं करू विचारताय, मी तुम्हाला आधी दिवसाचं वाढवा सांगतेय. हे ऐकून भीती वाटेल, वाटू दे, पण करून बघा.

सकाळी घरातून निघताना दोन अंडी आणि एक पोळी, किंवा दोन मुगाची धिरडी आणि दही, असं काहीतरी ज्यात प्रोटीन आहे ते पोटात जाऊ दे. दुपारी खाकरे बंद, ते डाएटचे वाटतात पण पोटाला टेकू देत नाहीत. नीट डबा न्या, दोन पोळ्या, भरपूर भाजी, एक वाटी घट्ट वरण किंवा मटकीची उसळ. घट्ट मुद्दाम म्हणतेय, कारण वाटीभर पातळ वरणात डाळ फार थोडी असते, उरलेलं पाणी. तीस ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण सात ग्रॅम प्रोटीन असतं, तेवढी डाळ वाटीत उतरली पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, संध्याकाळी ठाणे स्टेशनला गाडीत चढायच्या आधी एक मूठ फुटाणे किंवा शेंगदाणे आणि असेल तर ताक. हे चुकवू नका. तुमची लढाई घरच्या ओट्याशी नाहीये, ती ऑफिस सुटल्यापासून घर येईपर्यंतच्या दीड तासात हरली जातेय.

आता पोर्शनचं. तुम्ही लिहिलंय चार पोळ्या, पण पोळी कसली? घडीची की फुलका? एका पोळीला किती कोरडं पीठ जातं ते एकदा, फक्त एकदाच, वजनकाट्यावर मोजून बघा. पंचवीस ग्रॅम पिठाचा फुलका साधारण पंच्याऐंशी कॅलरीचा. तीच चाळीस ग्रॅम पिठाची, आत तेल लावलेली घडीची पोळी दीडशेच्या वर जाते, वरून तूप वेगळं. म्हणजे कुणाच्या चार पोळ्या साडेतीनशे आणि कुणाच्या चार पोळ्या साडेसहाशे, आणि दोघीही मैत्रिणीला सांगणार की मी चारच खाते. घडीची सोडा असं मी म्हणणार नाही, आपल्याकडच्या घरात ती सुटतही नाही, पण तिचा आकार ठरवा आणि रात्रीसाठी दोन धरा.

दुसरं, जेवायला बसताना पातेली आणि पोळ्यांचा डबा टेबलावर किंवा पाटाशेजारी आणूच नका. ओट्याशीच ताट वाढून घ्या, अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, बाकी अर्ध्यात पोळी किंवा भात आणि डाळ-उसळ, आणि मग बसा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यातही दिवसभराच्या ताटात जवळपास अर्धा वाटा भाज्या-फळांचाच आहे. अजून हवं असेल तर उठून जाऊन घ्यायचं, घ्यायला बंदी नाही, पण आधी दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या कारण पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि भुकेने घाईघाईत जेवणारा माणूस त्या निरोपाच्या आधीच तिसरी पोळी संपवून बसलेला असतो.

फरसाण किलोच्या पिशवीने आणणं बंद करा, पाव किलो आणा, आणि खायचंच असेल तर वाटीत काढून, बसून. डब्यात हात घातला की अंदाज राहत नाही, शंभर ग्रॅम शेवेत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात आणि दोन-तीन मुठीत शंभर ग्रॅम सहज होतात.

मुलांच्या ताटातलं. अन्न टाकू नये हे आपल्यावर लहानपणापासून बिंबलेलं आहे आणि ते चांगलंच आहे, पण उरलेली अर्धी पोळी आईच्या पोटात गेली म्हणजे ती वाचली असं होत नाही. मुलांना आधीच कमी वाढा, मागतील तसं द्या. उरलंच तर डब्यात घालून फ्रीजमध्ये, सकाळी फोडणीची पोळी करा.

आणि ती दुसऱ्या दिवशीची भरपाई, ती आजपासून थांबवा. रात्री जास्त झालं तरी सकाळचा नाश्ता ठरल्याप्रमाणेच करायचा. हे जमलं तर बाकी अर्धं आपोआप जमतं, कारण चक्र तिथेच तुटतं. झोपेचंही बघा, अकराला बिस्किटं म्हणजे झोपायला बारा आणि उठायला पाच-साडेपाच, एवढ्या कमी झोपेत भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साडेअठ्ठावीसच्या आसपास येतो, आपल्या भारतीयांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, तेव्हा वजन कमी करायला हवं हे खरं आहे. पण पहिलं टार्गेट साडेतीन किलो ठेवा, वजनाच्या पाच टक्के, तेवढ्यानेही बीपी-शुगरवर चांगला परिणाम दिसतो. आठवड्याला अर्धा किलो पुरे. कंबर मोजत राहा, बायकांमध्ये ८० सेंटीमीटरच्या आत हवी.

एक गोष्ट काळजीने विचारते. हे खाणं कुणापासून लपवून होतं का, थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही असं वाटतं का, आणि असं आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने होतंय का? दिवसा नीट खाऊनही ते चालूच राहिलं, किंवा कधी खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढावीशी वाटली, तर तो डायटचा विषय राहत नाही, त्याला बिंज ईटिंगसारखा आजार म्हणून उपचार आहेत आणि ते लागू पडतात. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. आणि मिस्टरांना हे पान वाचायला द्या.

प्रश्न: मॅडम, मी घोडबंदर रोडला राहतो, वय ५४, सहा वर्षं शुगर आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. मित्राने रात्रीचं जेवण पूर्ण बंद करून आठ किलो उतरवले. मी पण सोमवारपासून करू का? शनिवारी तलावपाळीला आमचा ग्रुप जमतो, तिथे मिसळ होतेच.

उत्तर: दादा, सोमवारपासून नका करू. मित्राला शुगरची गोळी चालू नसेल तर त्याचा आणि तुमचा हिशोब वेगळा आहे. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे तिला कळत नाही, आणि रात्री जेवण नसेल तर झोपेत शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. हे जिवावर बेतू शकतं. जेवण कमी करायचंच असेल तर आधी डॉक्टरांकडून गोळीचा डोस बदलून घ्या. आणि घाम, थरथर, धडधड, एकदम गोंधळल्यासारखं वाटलं तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत शुगर तपासायची, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

रात्री जेवा, लवकर जेवा, आठपर्यंत झालं तर उत्तम. आधी भाजी आणि उसळ किंवा डाळ खाऊन घ्या, पोळी-भात नंतर, याने जेवणानंतरची शुगर कमी उसळते. मिसळ महिन्याच्या सगळ्या शनिवारी सोडायला मी सांगणार नाही, मित्र भेटणं हेही औषधच आहे. मटकी जास्त मागा, फरसाण आणि तर्री कमी, दोन पावांच्या जागी एक, आणि सोबत गोड लस्सी नको. नंतर तलावाभोवती चकरा मारा, बाकड्यावर बसून गप्पा नंतर.

प्रश्न: लहान ताटलीत जेवलं की आपोआप कमी खाल्लं जातं म्हणे. खरं आहे का? (सीवूड्सहून एक आजी)

उत्तर: आजी, अर्धंमुर्धं खरं. समोर जास्त वाढलेलं असलं की माणूस जास्त खातो हे अनेक अभ्यासांत दिसलंय, पण नुसती ताटली बदलून काय होतं यावर निकाल सारखे येत नाहीत, कारण लहान ताटलीवाला दुसऱ्यांदा वाढून घेतो. त्यापेक्षा भाताचा डाव लहान घ्या आणि भाजीचा मोठा. पण तुमचं वय सत्तरीच्या पुढे असेल तर आधी बघा, वजन कमी करायची खरंच गरज आहे का. या वयात कमी खाण्याने स्नायू आधी जातात, म्हणून दूध, दही, डाळ, चालत असेल तर अंडं, यातलं काही कमी करू नका, आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय डायट सुरू करू नका.