थंड, उत्तरेकडच्या हवामानात गांजाची झाडं घराबाहेर लावली तर फ्रॉस्टपासून कशी वाचवायची?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे उन्हाळा छोटा आहे, सप्टेंबर संपता संपता पहिला फ्रॉस्ट (म्हणजे रात्री दव गोठवणारी थंडी) पडतो, कायद्याने जेवढी झाडं लावता येतात तेवढी घरामागे लावायचीत आणि भीती एकच, की एका रात्रीत सगळं जाईल. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. कारण "फ्रॉस्टने घात केला" हे वाक्य मी आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलंय, आणि ते साफ चूक आहे. थंड प्रदेशात बाहेर लावलेलं झाड बहुतेक वेळा फ्रॉस्टने मरत नाही. ते आधीच गेलेलं असतं, फ्रॉस्टच्या नावावर बिल फाटतं. खरा घोळ आहे दिवसाच्या लांबीचा, आणि त्याच्या पाठोपाठ ओलीचा.

आमच्याकडे घरटी ठराविक झाडांची परवानगी आहे आणि धाकटे दीर त्याच घरात खालच्या मजल्यावर राहतात, त्यामुळे ती झाडं अर्धी त्यांची, अर्धी माझी. भाऊजींचं म्हणणं पहिल्यापासून एकच: मर्यादा झाडांच्या संख्येवर आहे, उंचीवर नाही, मग एकेक झाड जेवढं मोठं करता येईल तेवढं करायचं. ऐकायला अगदी बरोबर वाटतं. त्यांनी कुठूनतरी लांब मुदतीच्या, सॅटिव्हाकडे (गांजाचा उंच वाढणारा, उशिरा फुलणारा प्रकार) झुकणाऱ्या जातीचं बी आणलं, एप्रिलमध्ये घरात दिव्याखाली रोपं केली आणि जूनला बाहेर मोठ्या वाफ्यात लावली. मी ऑटोफ्लॉवर, म्हणजे दिवसाची लांबी न बघता आपोआप फुलणारी बुटकी जात, लावली, कापडी कुंड्यांत. माझी झाडं जुलैत कमरेइतकी सुद्धा नव्हती आणि त्यांची कुंपणाच्या वर गेलेली. पाहुणे आले की ते मुद्दाम मागच्या दारी घेऊन जायचे आणि माझ्या कुंड्यांकडे बोट दाखवून म्हणायचे, "वहिनी, ही झाडं आहेत की कोथिंबिरीची जुडी?" सगळे हसायचे. मी काही बोलले नाही कारण मला माहीत होतं की माझ्या त्या जुड्यांवर फुलं धरलेली आहेत आणि त्यांच्या झाडावर नुसता पाला आहे.

आता हे असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. नेहमीची जात वय बघून फुलत नाही, रात्र बघून फुलते. रात्र पुरेशी लांब झाली की फुलोरा सुरू. ढोबळमानाने दिवस 14 तासांच्या खाली आला की बऱ्याच जातींना चाहूल लागते, लांब मुदतीच्या जातींना त्याहून मोठी रात्र लागते. आता 50 अंश अक्षांशावर जूनअखेरीस दिवस 16 तासांहून मोठा असतो आणि तो 14 वर येईपर्यंत ऑगस्टचा तिसरा-चौथा आठवडा उजाडतो. 60 अंशावर तर जूनमध्ये जवळपास 19 तास उजेड, आणि 14 तास व्हायला सप्टेंबर उजाडतो. तिथून पुढे चांगल्या लवकर येणाऱ्या जातीला आठ-नऊ आठवडे, सॅटिव्हाला दहा ते चौदा. मोजा तुम्हीच. ऑक्टोबर संपतो. आणि ऑक्टोबरचं ऊन म्हणजे नावाला ऊन, सूर्य इतका खाली असतो की फूल भरायला त्यात जोरच नसतो.

ही काही मी शोधून काढलेली गोष्ट नाही. ज्युलियाँ तुर्नुआ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 च्या सुमारास हॉप्स (बिअरमध्ये घालतात ती वेल) आणि हेंप (धाग्यासाठी लावतात तो गांजाचाच प्रकार) यांच्यावर प्रयोग करून दिवस लहान झाला की फुलं लवकर येतात हे पाहिलं होतं, पुढे 1920 मध्ये गार्नर आणि अॅलार्ड या दोघा अमेरिकनांनी तंबाखू आणि सोयाबीनवर तेच पक्कं केलं. म्हणजे शंभर वर्षं झाली हे माहीत होऊन, आणि तेही आधी याच झाडावर कळलं.

भाऊजी यावर हिमालय काढतात. हिमालयात बर्फाच्या शेजारी उगवतं, कोणी पांघरूण घालायला जात नाही, मग इथे का नाही? अहो, हिमाचल, उत्तराखंड हे 30-32 अंशावर आहेत. तिथली थंडी उंचीची आहे, अक्षांशाची नाही. तिथे वर्षातला सगळ्यात मोठा दिवसच 14 तासांच्या आसपास, म्हणजे झाडाला हवी तशी रात्र वेळेत मिळते आणि बर्फ पडायच्या आत ते मोकळं होतं. थंड प्रदेश आणि उत्तरेकडचा प्रदेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बी विकणारे सुद्धा हे सांगत नाहीत, पाकिटावर नुसतं "थंडी सहन करते" लिहून मोकळे होतात.

तर झालं काय, ऑगस्टअखेरीस माझी झाडं कापून, उलटी टांगून, अंधाऱ्या खोलीत वाळायला लागली होती तेव्हा भाऊजींच्या झाडांवर फुलोऱ्याचे पहिले पांढरे केस दिसायला लागले. त्यातलं एक झाड रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात यायचं, त्याला तर तेही नाहीत, कारण रात्री उजेड पडला की झाडाला रात्र झाली असं वाटतच नाही. सप्टेंबरभर धुकं आणि रिपरिप. ऑक्टोबरच्या मध्यावर त्यांची फुलं एकदाची भरायला लागली, जाड जाड, बघण्यासारखी, हे मी मान्य करते. आणि एका सकाळी मला मधल्या सगळ्यात मोठ्या बोंडातून एकच पान पिवळं होऊन लोंबताना दिसलं. बाकी सगळं हिरवंगार. मी पान हलकेच ओढलं तर ते अलगद हातात आलं. ही खूण लक्षात ठेवा, भरलेल्या फुलातलं एकटं पान पिवळं पडून जोर न लावता निघून येतं तेव्हा आत कूज लागलेली असते. मी बोंड फोडून दाखवलं, आतून तपकिरी, वर करडी भुकटी, आणि अळीची विष्ठा. बोट्रायटिस, द्राक्षांवर आणि स्ट्रॉबेरीवर येते तीच करडी बुरशी. अळी आत शिरून जखम करते, विष्ठा टाकते, ओल साठते आणि बुरशीला घर मिळतं. तिला थंड हवा चालते, 15 ते 20 अंश आणि ओल मिळाली की झालं.

मी म्हटलं, भाऊजी आजच कापा, निदान चांगलं आहे ते तरी वाचेल. ते म्हणाले, "अजून आठवडाभर थांबू वहिनी, आत्ता कुठे भरतंय." त्या आठवड्यात पाऊस थांबला नाही. आणि मग आठवड्याच्या शेवटी फ्रॉस्ट पडला, सकाळी झाडं मान टाकून उभी, आणि तेव्हापासून आजपर्यंत घरी येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगितलं जातं की फ्रॉस्टने घात केला, नाहीतर काय पीक आलं असतं. मी ती बोंडं फ्रॉस्टच्या आधी फोडून बघितली होती. आत काही उरलेलं नव्हतं.

म्हणून सांगते, उत्तरेत बाहेर सॅटिव्हा लावू नका, विषय संपला. ऑटोफ्लॉवर लावा. या जातींत रुडेरालिसचं रक्त आहे, रशियातलं ते रानटी छोटं झाड, यानिशेव्स्की नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1924 मध्ये त्याला ते नाव दिलं. ते रात्र बघत बसत नाही, उगवल्यापासून तीन-चार आठवड्यांत आपलं आपण फुलायला लागतं आणि साधारण 70 ते 90 दिवसांत तयार होतं. आणि लोकांच्या हे लक्षातच येत नाही की उत्तरेचा जो तोटा आहे तोच इथे फायदा होतो. जून-जुलैचा 17-18 तासांचा उजेड, वर्षातलं सगळ्यात कडक ऊन, ते भाऊजींचं झाड पाला वाढवण्यात घालवतं आणि माझं फूल भरण्यात. हाच तर सगळा वाद आहे आमचा.

बी मेच्या मध्यावर घरात उजेडाच्या खिडकीत, सरळ शेवटच्या कुंडीतच लावा, कारण ऑटोला मुळं दुखावलेली चालत नाहीत, सावरायला तिच्याकडे वेळच नसतो. रात्री सलग 10 अंशांच्या वर राहायला लागल्या की बाहेर, आधी आठवडाभर दिवसा थोडं थोडं बाहेर ठेवून वाऱ्याची सवय लावून मग कायमचं. कापडी कुंडी काळी घ्या, माती लवकर तापते. कुंडी फरशीवर ठेवू नका, खाली विटा द्या. गार मातीत मुळांना फॉस्फरस उचलता येत नाही आणि मग लोक वरून खतावर खत ओततात. दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत असेल तर तिच्यासमोर, भिंत दिवसा तापते आणि रात्री ऊब देते. पाणी सकाळी, वाफसा बघून, संध्याकाळी अजिबात नाही. आणि डोक्यावर पारदर्शक छप्पर करा, चारही बाजू उघड्या, पाऊस अडला पाहिजे पण वारा अडला नाही पाहिजे. पाऊस किंवा जड दव पडलं की सकाळी फांद्या हलकेच झटकायच्या. माझ्या मते फ्रॉस्टसाठी करता त्या सगळ्या उठाठेवीपेक्षा हे एक छप्पर जास्त कामाचं आहे.

मोठं झाड हवंच असेल तर त्यालाही रस्ता आहे, भाऊजींना मी तो तेव्हाच सांगितला होता. लवकर येणारी, आठ आठवड्यांत उरकणारी इंडिका (गांजाचा बुटका, दाट प्रकार) घ्या आणि जुलैच्या सुरुवातीपासून रोज 12 तास काळ्या जाड ताडपत्रीने झाका, संध्याकाळी 8 ते सकाळी 8. शेवंतीवाले हेच करतात, बिगरहंगामी फूल हवं असलं की काळं कापड. पण रोज म्हणजे रोज, एक दिवस आड नाही, उजेडाची फट नाही, आणि आत घाम धरू नये म्हणून अंधार पडल्यावर थोडी हवा खेळती ठेवायला लागते. फुलं नीट धरून पुढे सरकेपर्यंत हे चालू ठेवायचं. भाऊजी म्हणाले हा झाडाचा छळ आहे. पाला वाढवून ऑक्टोबरच्या पावसात कुजवणं हा छळ नाही का?

फ्रॉस्टचं विचारलंत म्हणून थोडक्यात. वसंतातला उशिराचा फ्रॉस्ट कोवळ्या रोपाला मारतो, त्यामुळे घाई करू नका. शरद ऋतूतला हलका, उणे एक-दोन अंशांचा फ्रॉस्ट मोठं झाड बऱ्याचदा झेलतं, रात्री जुनी चादर किंवा शेतीचं पांढरं फ्लीस टाका आणि ऊन आलं की लगेच काढा. प्लॅस्टिक पानांना टेकेल असं घालू नका. उणे दोनच्याही खाली तापमान जात असेल तर आदल्या संध्याकाळी कापा. आणि पानं जांभळी झाली की घाबरू नका, गार रात्रींनी काही जातींत रंग चढतो, झाड मेलेलं नसतं. माझं एक झाड असं जांभळं झालं तेव्हाही खालून आवाज आला होता, "बघा, थंडीने गेलं."

कापायचं कधी ते भिंगातून बघून ठरवा, वरची चिकट दाणेदार केसं काचेसारखी असतील तर थांबा, दुधाळ झाली की तयार. पण बुरशी दिसली की हा नियम रद्द, त्या दिवशी कापायचं, आणि कुजलेल्या भागाच्या बरंच खालून, ते पोतंभर असलं तरी फेकायचं, वाळवून ओढायचं नाही. वाळवायला 15 ते 20 अंश आणि 55-60 टक्के आर्द्रता लागते, दहा-चौदा दिवस, ते थंड प्रदेशात घरात आयतंच मिळतं.

हे सगळं सगळीकडे असंच लागू होईल असं नाही. तुमच्याकडे सप्टेंबर कोरडा आणि उबदार असेल, 45 अंशाच्या आसपास असाल, तर लवकर येणारी साधी जात ताडपत्री न घालताही निघते. ऑटोचं वजन कमी भरतं, ते खरं आहे, एका झाडाला एक झाड मोजलं तर भाऊजींचा आकडा मोठा येईल, जर ते हाताला लागलं तर. फेमिनाइज्ड बी (ज्यातून मादी झाडंच येतात) नसेल तर नर झाड दिसताक्षणी काढा, आणि जवळपास हेंपची शेती असेल तर परागकण काही किलोमीटर येतात, तेव्हा फुलात बिया भरल्या तर स्वतःला दोष देऊ नका. आणि कायदा तुमच्या जागचाच बघा. कॅनडात 2018 पासून घरटी 4 झाडं, तरी काही प्रांतांचे नियम वेगळे, जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून प्रत्येक प्रौढाला 3. भारतात 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली परवान्याशिवाय लागवड गुन्हा आहे, तिथून वाचत असाल तर यातलं काहीही करू नका. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं पोचणार नाहीत असं कुंपण हवंच, आमच्याकडे ते सुद्धा मीच घातलंय.

तुम्ही अक्षांश लिहिला नाहीत. तो आणि सप्टेंबरमध्ये पाऊस किती असतो ते कळवा, मग कुठली जात आणि बी कुठल्या आठवड्यात हे नक्की सांगते.