केशप्रत्यारोपणापूर्वी हे समजून घ्या
केशप्रत्यारोपणात नवे केस निर्माण होत नाहीत. डोक्याच्या मागील भागातील केस मुळांसकट काढून पुढे रोवले जातात आणि तो साठा मर्यादितच असतो. रोवलेले बहुतेक केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात आणि नेमका याच काळात अनेकांचा धीर सुटतो. परंतु मुळे त्वचेखाली जिवंत असतात, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवी वाढ दिसू लागते आणि अंतिम रूप कळायला 12 महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. नागपूरचे मे महिन्यातले ऊन आणि घामाने भिजलेले हेल्मेट ताज्या जखमांना मानवत नाही, म्हणून मी तरी हिवाळाच सुचवेन. शस्त्रक्रिया त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन स्वतः करणार की तंत्रज्ञ, हे आगाऊ रक्कम भरण्याआधी स्पष्ट विचारा. मूळचे केस पुढेही गळू शकतात, तेव्हा औषधोपचाराविषयीही डॉक्टरांशी बोलून घ्या.